दादींच्या आठ बांगड्या

आपल्याकडे घरातली एखादी वडीलधारी बाई अल्लाहला प्यारी झाली, की ताजियतीला येणारा प्रत्येक जण एक वाक्य हमखास बोलतो: "बडी सबरवाली थी." आमच्या दादी गेल्या तेव्हाही लोणावळ्याच्या आमच्या त्या दोन खोल्यांत हे वाक्य निदान पन्नास वेळा ऐकू आलं. ते खोटं नव्हतं. पण आम्हा नातवंडांना ते अपुरं वाटत राहिलं. सबर म्हणजे ओठ शिवून बसणं, असा अर्थ आपण बायकांपुरता ठरवून टाकला आहे. दादींनी सोसलं पुष्कळ, पण जिथे बोलायचं तिथे त्या बोलल्या, आणि त्यांच्या बोलण्याने आमच्या घरात काही काळ चूल वेगळी, तोंडं वेगळी, अशी वेळही आली. ते सांगितल्याशिवाय त्यांची आठवण पुरी होत नाही.

दादींची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती. "गांधीजी गेले त्या वर्षी माझा निकाह झाला," एवढं त्या सांगायच्या. म्हणजे १९४८. त्यांचं नाव आम्ही इथे लिहीत नाही, छापलेलं नाव त्यांना आवडलं नसतं. तसंही लोणावळ्यात ते कुणाला माहीत होतं? सगळा बाजार त्यांना 'चाची' म्हणायचा. भाजीवाले चाची म्हणत, पोस्टमन चाची म्हणे, आणि आमच्या शाळेचे शिपाईसुद्धा आम्हाला 'चाचीची नातवंडं' म्हणूनच ओळखत.

दादा रेल्वेत गँगमन होते. बोरघाटातून गाडी १८६३ साली धावू लागली, तेव्हापासून हा घाट माणसांच्या पायांवर उभा आहे असं ते म्हणत. लोणावळ्याचा पाऊस वाचकांना सांगायला नको. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पडणारा तो पाऊस अंगावर घेत, हातात कंदील धरून रात्री रुळांची पाहणी करायची, कुठे दरड आली का, खडी वाहून गेली का ते बघायचं. पगार बेताचा, पदरी पाच मुलं. दोन मुलगे, तीन मुली. दादींचं माहेर मणेरांचं. त्यांनी माहेरचा धंदा डोक्यावर घेतला. डोक्यावर म्हणजे अक्षरशः, बांगड्यांची टोपली घेऊन. गावठाण, भांगरवाडी, वलवण, तुंगार्ली, कधी खाली कार्ला-मळवलीपर्यंत पायी. चैत्रात एकवीरेच्या जत्रेला वेहेरगावच्या पायथ्याशी त्यांचं चटईवरचं दुकान असे. मुंबईहून येणाऱ्या कोळणी हिरवा चुडा भरून घेतल्याशिवाय गड चढत नसत.

ज्यांनी बांगड्या भरून घेतल्या आहेत त्यांना ठाऊक असेल, बांगडी विकणं आणि बांगडी भरणं यात फार फरक आहे. दादी आधी समोरच्या बाईचा पंजा दोन्ही हातांत घेऊन हलकेच चोळायच्या, अंगठ्याच्या मुळाशी दाबायच्या, आणि ती बाई काही बोलत असतानाच बांगडी मनगटावर गेलेली असे. दोन-चारची की दोन-सहाची, हे विचारावं लागत नसे. पंजा हातात आला की त्या घराची हकीकतही हातात यायची. कुणाच्या हाताला चुलीचे चटके जास्त, कुणाच्या मनगटावर पडून झालेली म्हणून सांगितली जाणारी काळी-निळी खूण. दादी यातलं एक अक्षर दुसऱ्या घरी नेत नसत. म्हणून तर त्यांना माजघरापर्यंत वाट होती. बांगडी पिचली तर 'फुटली' म्हणायचं नाही, 'वाढवली' म्हणायचं, हे आम्ही मराठीच्या तासाला शिकलो नाही, दादींच्या टोपलीशेजारी शिकलो.

दादा गेले ते पावसाळ्याच्या तोंडावर. हा प्रसंग आम्ही थोरल्या फुफींकडून ऐकला आहे. मय्यत उचलण्याआधी नात्यातल्या बायांनी दादींना पुढे आणलं आणि म्हणाल्या, "मेहर माफ किया बोल दो." वाचकांपैकी पुष्कळांनी हे पाहिलं असेल. नवऱ्याचा चेहरा समोर, घर रडतंय, अशा वेळी कुठली बाई नाही म्हणेल? दादी डोळे पुसून म्हणाल्या, "जाते आदमी के सिर पे कर्जा नक्को. माफी की बात बी नक्को. छोरे देंगे."

मेहर होतं सव्वाशे रुपये. कुणी म्हणालं, एवढ्याशा रकमेसाठी मय्यतीसमोर असं बोलतात का? दादींना रकमेशी देणंघेणं नव्हतं. मेहर हे नवऱ्याच्या अंगावरचं कर्ज आहे. मयताच्या मालातून आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत असेल तर ती जास्तीत जास्त एक तृतीयांशापर्यंत, आणि उरलेल्यात वारसांचे हिस्से, हा क्रम मदरशात शिकलेल्या कोणत्याही मुलाला पाठ असतो. माहीत असतो, पण मय्यतीच्या खोलीत आठवत नाही. अब्बांनी शेजाऱ्याकडून उसने घेऊन त्याच आठवड्यात सव्वाशे रुपये दादींच्या हातावर ठेवले. इद्दत संपल्यावर दादींनी त्याची एक शेळी घेतली. ती शेळी आणि तिची पिल्लं आमच्या घरात बरीच वर्षं होती. धाकट्या फुफींची मॅट्रिकची फी एका बोकडातून भरली गेली, हे त्या आजही हसत सांगतात.

इद्दतीचे चार महिने दहा दिवस म्हणजे नेमका श्रावण आणि गौरी-गणपती त्यात. धंद्याचा मोसम, आणि दादी घराबाहेर पडणार नाहीत. तेव्हा गावठाणातल्या बायाच आमच्या दारी आल्या. थोरल्या फुफी अंगणात बसून बांगड्या भरायच्या आणि दादी आतून सांगायच्या, "उसका हाथ नाजूक है, हौले." त्यांची स्वतःची मनगटं तेव्हा मोकळी होती. आयुष्यभर दुसऱ्यांचे हात भरणाऱ्या बाईचे मोकळे हात बघून काही बाया तिथेच रडल्याचं फुफी सांगतात. दादी नाही रडल्या. त्यांना उधारीचा हिशोब ठेवायचा होता.

आता मुख्य गोष्ट.

दादांची कार्ल्याच्या अलीकडे दोन एकर भातशेती होती. त्यांच्या मागे वारस नोंद करायची राहून गेली. अशी ती किती घरांत राहून गेली आहे, हे तलाठ्याला विचारा. जमीन पडून नव्हती. आधी आंबेमोहर लावत, पुढे वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने काढलेला इंद्रायणी आला आणि सगळ्यांनी तो धरला. पण त्या भातात कुणी श्रीमंत होत नव्हतं, म्हणून सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे याची कुणाला फिकीर नव्हती. मग एक्सप्रेस वे आला. २००२ मध्ये तो पुरा सुरू झाला आणि मावळात जिकडेतिकडे मुंबईच्या गाड्या थांबू लागल्या. बांधावर उभं राहून लोक गुंठ्याचा भाव विचारू लागले. ज्या घरांत भावाभावांत कधी वाद नव्हता, तिथे मोजणीवाले येऊ लागले.

चाचा एके दिवशी कागद घेऊन आले. हक्कसोडपत्र. तिन्ही बहिणींनी सही करायची, म्हणजे सातबारा दोघा भावांच्या नावावर सुटसुटीत होईल. बरोबर एक एजंट होता. त्याने दादींनाच शरीयत शिकवायला सुरुवात केली. म्हणे, शरीयतचा कायदा शेतीला लागू नाही. १९३७ च्या त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात शेतजमीन वगळली आहे, इतकं खरं. पण त्यातून मुलीला वाटाच नाही, असा अर्थ कुठून निघतो? तलाठ्याकडे गाव नमुना ६-क मध्ये वारस नोंदवताना मुलींची नावं लागतातच. लागतात म्हणून तर ते हक्कसोडपत्र काढावं लागतं. ज्याला हक्कच नाही त्याच्याकडून तो सोडवून कशाला घ्यायचा?

गंमत अशी की फुफींची सही द्यायला ना नव्हती. "भाईजान खूश राहोत, माहेरची वाट उघडी राहो, बस." आपल्या किती घरांत बहिणी असंच म्हणतात! आणि हे फक्त आपल्याच घरांत नाही. दादींच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने, वलवणच्या एका पाटलीणबाईंनी, त्यांना विचारलं होतं, "चाची, तुमच्यात मुलीला देतात का हो खरंच?" दादी म्हणाल्या होत्या, "किताब में तो देते." पाटलीणबाई म्हणाल्या, "आमच्यातबी कायद्यात देतात." दोघी हसल्या. २००५ मध्ये हिंदू वारसा कायदा बदलून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा झाला. त्यानंतर मावळात हक्कसोडपत्रं कमी झाली असं आम्हाला तरी दिसलेलं नाही.

दादींनी टोपलीतून आठ बांगड्या काढल्या आणि चटईवर ठेवल्या. आम्ही सगळे तिथे होतो. एक बांगडी स्वतःकडे ओढली. "बेवा का आठवां." उरल्या सात. दोन अब्बांपुढे, दोन चाचांपुढे, एकेक तिन्ही फुफींपुढे. सूरह निसामध्ये सांगितलेले हिस्से आम्ही नंतर शाळेत मुलांना अपूर्णांक शिकवताना अनेकदा मांडून दाखवले, पण बायकोचा एक अष्टमांश आणि मग मुलाला मुलीच्या दुप्पट हा हिशोब पाच मुलांच्या घरात इतका सरळ पडतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. दोन एकर म्हणजे ऐंशी गुंठे. एका बांगडीचे दहा गुंठे. पाटी-पेन्सिल लागलीच नाही.

चाचा म्हणाले, "त्या माफ करतात ना?" त्यावर दादी जे बोलल्या ते आमच्या घरात अजून बोललं जातं. "जो हाथ में आया नहीं, वो माफ कैसा करते? पहले देव. फिर उनकी मर्जी."

एजंट उठून गेला. चाचाही गेले, आणि पुढची सलग चार ईद त्यांनी आमच्या घरी पाऊल टाकलं नाही. लोकांनी दादींनाच बोल लावला: म्हातारीने मुलगा तोडला. बिरादरीतल्या एका वजनदार माणसाने अब्बांना मशिदीबाहेर थांबवून सांगितलं की आईला आवर घाला. दादी दर ईदला शीरखुर्म्याचा डबा चाचांकडे पाठवायच्या. डबा रिकामा होऊन परत यायचा, निरोप काही यायचा नाही. डबा धुऊन ठेवताना त्यांचा चेहरा कसा असायचा ते आम्ही पाहिलं आहे. त्यांना हे सोपं गेलं असं कुणी समजू नये.

वारस नोंद मात्र झाली. फेरफार मंजूर झाला, आणि सातबाऱ्यावर भावांच्या नावांखाली तीन फुफींची नावं आली, आणि एक दादींचं. तळेगावच्या उमाबाई दाभाड्यांबद्दल आम्ही वर्गात सांगतो. पती खंडेराव १७२९ मध्ये गेले, मुलगा त्र्यंबकराव १७३१ मध्ये डभोईच्या लढाईत पडला, आणि सेनापतींच्या घराचा कारभार त्यांनी हाती घेतला. मोठ्या घरच्या बायकांची नावं राहतात. दादींचं नाव रेशनकार्ड आणि मतदार यादी सोडून कुठल्या कागदावर आलं असेल तर ते या सातबाऱ्यावर. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी आम्हाला ते बोट ठेवून दाखवायला सांगितलं, आणि मग कागद परत घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवला.

पुढे थोरल्या फुफींनी, नाव लागून दोन वर्षं झाल्यावर, कुणी न सांगता आपला हिस्सा बक्षीसपत्राने चाचांना दिला. दादी म्हणाल्या, "अब हुआ माफ." मधल्या फुफींना मुलाच्या शिक्षणासाठी पैसे हवे होते. त्यांचा हिस्सा अब्बांनी बाजारभावाने घेतला, हप्त्याहप्त्याने, आणि ते हप्ते फेडताना आमच्या घरात तीन वर्षं नवे कपडे आले नाहीत. धाकट्या फुफींनी आपला ठेवला. त्या पतीच्या मागे एकट्या आहेत. दर दिवाळीच्या सुमारास त्यांच्या वाट्याचा इंद्रायणी येतो आणि आमच्याकडे एक पोतं पोचतं.

चाचा पाचव्या ईदला आले. काही बोलले नाहीत, शीरखुर्मा पिऊन गेले. पहिल्यासारखं झालं असं आम्ही म्हणणार नाही. पण दादींच्या शेवटच्या आजारात रात्री उशाशी बसणारे तेच होते.

दादी जुलैत गेल्या. लोणावळ्यातल्या जुलैत कबर खणणं म्हणजे काय हे खणणाऱ्यांनाच ठाऊक. एका बाजूने माती काढावी, तर दुसऱ्या बाजूने पाणी भरायचं. घरात गावठाणातल्या, भांगरवाडीतल्या कितीतरी बाया येऊन बसल्या होत्या. त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी आपलं मनगट पुढे करून आम्हाला दाखवलं. दादींनी भरलेल्या शेवटच्या दोन बांगड्या त्यात होत्या. अल्लाह दादींची मगफिरत करो.

त्यांच्या दहा गुंठ्यांची वारस नोंद आता करायची आहे. नवरा आधीच गेलेला, म्हणून वाटे सातच: दोन, दोन, एक, एक, एक. दहाला सातने भाग जात नाही. एका वाट्याला दीड गुंठ्याला थोडं कमी येतं. गेल्या रविवारी अर्ज घेऊन आले ते चाचा. बहिणींची तिन्ही नावं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली होती. मधल्या फुफींच्या सासरच्या आडनावात एक वेलांटी चुकली होती, ती त्यांनी आमच्याकडून दुरुस्त करून घेतली आणि विचारलं, "हे दशांशात लिहायचं की अपूर्णांकात?"