बिगारी लिहा

या आठवड्यात मला राग आला तो एका यादीचा. नोकऱ्यांच्या एका पोर्टलवर ‘व्यवसायानुसार नोकरी शोधा’ असं लिहिलेलं आणि खाली व्यवसायांची भली लांब यादी. आमच्या समोरच्या इमारतीत बाथरूमची दुरुस्ती चालू आहे. तिथे काम करणाऱ्या ताईंची बारावी झालेली मुलगी मोबाइल घेऊन आली. “काकू, आईचं नाव यात घालायचंय. कायमचं काम मिळतं म्हणतात.” मागे रेशनकार्डावर एक लेख लिहिला तेव्हापासून गल्लीतले फॉर्म माझ्याकडे येतात. येऊ देत, मला आवडतं ते काम.

नाव, गाव, वय भरून झालं. मग व्यवसाय. ताई दारातच उभ्या होत्या, हात सिमेंटचे म्हणून आत येईनात. विचारलं, काय लिहू? त्या म्हणाल्या, “बिगारी लिहा.”

मी आठवडाभर त्यांचं काम खिडकीतून आणि नंतर थेट जाऊन पाहिलं होतं. विटांचे तुकडे बसवून त्यांनी कोबा केला, जाळीकडे उतार काढला. भिंत आणि जमीन मिळते तिथे सिमेंटची गोलाई धरली. मग मगभर पाणी ओतून उकिडव्या बसल्या. एका कोपऱ्यात पाणी थबकलं, तर तेवढाच भाग खरवडून पुन्हा केला. शेवटी जाळीला बोळा लावून पाणी तुंबवून ठेवलं आणि खालच्या मजल्यावर जाऊन छताला ओल येते का ते दोनदा बघून आल्या. हे सगळं होताना मिस्त्री तिथे नव्हता.

“कोबा तुम्हीच केलात ना?”

“केला की. पण मिस्त्रीच्या हाताखाली.”

“मिस्त्री कुठंय?”

“दुसऱ्या साइटवर. संध्याकाळी येतो बघायला.”

आता थोडी माहिती. आपल्याकडे कामांचं सरकारी वर्गीकरण आहे, राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण, २०१५ चं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या वर्गीकरणाशी ते जुळवलेलं आहे. त्यात प्रत्येक कामाला आकडा असतो आणि पहिला आकडा महत्त्वाचा. कारागिरांचे आकडे ७ ने सुरू होतात, अकुशल कामाचे ९ ने. वीटकाम करणारा गवंडी ७११२, फरशी बसवणारा ७१२२, बांधकामावरचा मजूर ९३१३. सेवायोजन कार्यालयात आपल्यापैकी अनेकांनी नावं नोंदवली, तिथेही उमेदवाराची नोंद अशा आकड्यांनीच व्हायची. म्हणजे ताईंनी ‘बिगारी लिहा’ म्हटलं की त्या ९ मध्ये जाणार. मग शोधात त्यांच्यासमोर काय येणार? आलंच. गोदामात हेल्पर, पॅकिंगला हेल्पर, हाउसकीपिंगला हेल्पर. कोब्याचं, फरशीचं एकही काम नाही.

मुळात व्यवसायावरून माणूस शोधायची रीत पोर्टलच्या कितीतरी आधीची आहे. मी रोज सकाळी फिरायला जाते. त्यात कधी पिंपरी-चिंचवडमधल्या डांगे चौकात गेले की मजूर अड्ड्याशी मी हमखास थांबते. सकाळी सातच्या सुमाराला तिथे माणसं जमतात. मराठवाड्यातली, विदर्भातली, कर्नाटकातून आलेली. रंगाऱ्याच्या हातात ब्रश नाहीतर रोलर, गवंड्याच्या पिशवीतून थापी आणि ओळंबा डोकावणारा, प्लंबरजवळ पाना, सुताराजवळ करवत. काम देणारा गाडीतूनच बघतो आणि ज्याचं हत्यार हवं त्याला बोलावतो. दहा वाजले की उरलेले घरी जातात, कारण त्यानंतर कुणी येत नाही. ना फॉर्म, ना पासवर्ड, तरी कुणाचं काम काय हे लांबून कळतं.

आणि बायका? बायका एका बाजूला बसतात. हातात डब्याची पिशवी, फार तर घमेलं. थापी कुणाच्याच पिशवीतून दिसत नाही, कारण थापी मिस्त्रीची. ज्या बाईने वर्षानुवर्षं कोबा केला, फरशीचे सांधे भरले, प्लास्टर घोटलं, तीही तिथे फक्त ‘बाई’ म्हणून उभी राहते. गाडीतला माणूस म्हणतो, “एक गवंडी, दोन बिगारी, एक बाई.” हजेरीसुद्धा त्याच क्रमाने उतरत जाते. समान कामाला बाई-पुरुषांना समान वेतन, हा नियम १९७६ च्या कायद्याने आला. पण कागदावर काम समान दिसलं तर तो लागू होणार. कागदावर एक गवंडी आणि एक बिगारी, मग समान काय राहिलं?

म्हणून मी ताईंना म्हटलं, आपण फरशी आणि कोब्याचं काम असंच भरू. मुलीने तो पर्याय निवडला. लगेच पुढचा प्रश्न आला: अनुभवाचा दाखला. दाखला त्यांच्याकडे आहे. बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं, ते कंत्राटदाराने दिलंय. त्यावर कामाचा प्रकार: बिगारी.

संध्याकाळी कंत्राटदार आला तेव्हा मी खाली गेले. बाईंचं काम तुम्ही पाहिलंत, मग दाखल्यावर तसं का नाही लिहीत? माणूस उद्धट नव्हता. त्याने सरळ सांगितलं, “ताई, तिला कारागीर म्हणून लिहिलं तर उद्या ती कारागिराची हजेरी मागेल. मग बाकीच्या मागतील.” त्याच्या हिशेबात ते अगदी बरोबर बसतं. म्हणूनच हे त्याच्या हिशेबावर सोडता येणार नाही. ज्याला पैसे द्यायचे आहेत त्यानेच कामाचं नाव ठरवायचं, ही पद्धत मला मान्य नाही.

बायकांना हे काम झेपत नाही असं कुणी म्हणत असेल तर झारखंडात बघावं. स्वच्छ भारत मोहिमेत खेडोपाडी शौचालयं बांधायला गवंडी कमी पडले, तेव्हा बचत गटांतल्या बायकांना गवंडीकाम शिकवलं. त्या राणी मिस्त्री म्हणून ओळखल्या जातात आणि त्यांनी गावोगावी शौचालयं बांधली. इथे तर शिकवायचीही गरज नाही, काम आधीच येतंय. काम करतच शिकलेल्या माणसाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. वर्गात बसवून कोर्स करायला लावायचा नाही, येत असलेलं काम तपासायचं आणि लिहून द्यायचं. ती सोय साइटवर आली पाहिजे, आणि परीक्षकाने मिस्त्रीला बाजूला करून ‘बाई, तुम्ही करून दाखवा’ असं म्हटलं पाहिजे. कल्याण मंडळाच्या दाखल्यावरचा कामाचा प्रकारही त्याच तपासणीवरून भरावा. बांधकामाच्या खर्चावर उपकर घेतला जातो तो या कामगारांसाठीच. त्यातून परीक्षकांचा खर्च निघू नये असं काही नाही.

ताईंचा फॉर्म आम्ही फरशी आणि कोबा असाच भरून ठेवलाय, दाखल्याची जागा रिकामी. सोमवारी मुलगी आणि मी जिल्ह्याच्या कौशल्य विकास केंद्रात जाणार आहोत, ही परीक्षा कुठे आणि कधी होते ते विचारायला. ताई म्हणाल्या, त्यांच्या ओळखीच्या आणखी चौघीजणी यायला तयार आहेत. त्यातली एक प्लास्टर करते.