ठराव शिळा होण्यापूर्वी

बारामती आणि इंदापूर या दोन्ही नगरपरिषदांसाठी डिसेंबर २०१६नंतर मतदान झाले ते थेट डिसेंबर २०२५मध्ये. पाच वर्षांची मुदत संपल्यावर मधली सुमारे चार वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती होता. सभागृह नव्हते, सूचक-अनुमोदक नव्हते, हरकत घेणारे विरोधी बाकही नव्हते. ठराव मात्र होत होते. कारण सभागृहाचे सर्व अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे एकवटले होते आणि त्याच्या स्वाक्षरीने निर्णयाला ठरावाचे रूप येत होते. आता लोकप्रतिनिधी परतले आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु सभागृह भरले म्हणजे लोकशाही परतली, असे मानून स्वस्थ बसता येणार नाही. त्या सभागृहात काय ठरले, हे सामान्य मतदाराला केव्हा आणि कसे कळणार, हा प्रश्न निवडणुकीपूर्वी होता आणि निवडणुकीनंतरही तसाच उभा आहे.

या परिसरातील शेतकऱ्याला हा प्रश्न वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. नीरा डावा कालवा बारामतीच्या शिवारातून पुढे इंदापूरकडे जातो. कालव्याच्या तोंडाशी असलेल्याला पाणी आधी मिळते, शेपटाकडच्याला शेवटी. आवर्तन लांबले आणि पीक करपून गेल्यावर पाणी आले, तर ‘पाणी दिले’ असे कागदावर लिहिता येते, पण त्या पाण्याने काही पिकत नाही. माहितीचेही तसेच आहे. ती तोंडाशी असलेल्या कारभाऱ्याला, ठेकेदाराला त्याच दिवशी मिळते. टेलच्या नागरिकापर्यंत ती पोहोचते तेव्हा निविदा निघालेली असते, कामाचे देयकही अदा झालेले असते.

सभेचे इतिवृत्त ही केवळ कारकुनी नोंद नव्हे. सभेला कोण उपस्थित होते, विषय कोणी मांडला, अनुमोदन कोणी दिले, विरोध कोणी नोंदवला आणि अखेरीस काय ठरले, याचा तो एकमेव अधिकृत पुरावा असतो. रस्त्याचे काम असो, आरक्षित भूखंड असो, गाळ्यांचा लिलाव असो की पाणीपट्टीची वाढ असो. वर्तमानपत्रातील बातमी विसरली जाते, व्यासपीठावरील भाषण हवेत विरते, इतिवृत्त तेवढे उरते. म्हणूनच ते कोणाच्या कपाटात आहे, याला महत्त्व आहे.

कायदा याबाबत मुका नाही. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्यामुळे महाराष्ट्राने २००२मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. पुढे १२ ऑक्टोबर २००५पासून केंद्राचा कायदा लागू झाला. त्याच्या कलम ४नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या मंडळांच्या व समित्यांच्या बैठका जनतेसाठी खुल्या आहेत काय आणि त्यांची इतिवृत्ते जनतेला पाहता येतात काय, हे स्वतःहून प्रसिद्ध करावयाचे आहे. नागरिकाला अर्ज करण्याची गरजच पडू नये, इतकी माहिती इंटरनेटसह विविध माध्यमांतून नियमितपणे द्यावी आणि ती स्थानिक भाषेत असावी, असेही हेच कलम सांगते. कायद्याचा आत्मा या कलमात आहे. अर्ज हा अपवाद असावा, अशी त्यामागील अपेक्षा होती. व्यवहारात अर्ज हाच नियम होऊन बसला.

त्या नियमाची किंमत पाहावी. दहा रुपयांचा अर्ज केला, तर उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत. उत्तर न मिळाल्यास पहिले अपील. त्याच्या निर्णयासाठी आणखी ३० ते ४५ दिवस. म्हणजे राज्य माहिती आयोगाची पायरी चढण्यापूर्वीच दोन-अडीच महिने उलटतात. दुसरीकडे, १९६५च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमातील कलम ३०८ने गैर ठरावाची अंमलबजावणी थांबविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. परंतु ठरावाची वार्ताच अडीच महिन्यांनी लागली, तर थांबवायचे काय? डांबर पडून गेलेला रस्ता कोणत्याही आदेशाने परत गुंडाळता येत नाही. विलंबाने दिलेली माहिती म्हणजे, दुसऱ्या शब्दांत, हक्क बजावण्याची संधी नाकारणे होय.

उघड कारभाराची ही कल्पना पाश्चात्त्यांकडून उसनी आणलेली आहे, असे कोणी समजू नये. तमिळनाडूतील उत्तरमेरूर येथे पहिल्या परांतक चोळाच्या काळातील, म्हणजे दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातील ग्रामसभेचे ठराव मंदिराच्या भिंतीवर कोरलेले आजही वाचता येतात. समित्यांचे सदस्य चिठ्ठ्या टाकून कसे निवडावेत, कोण पात्र, कोण अपात्र, हे त्यांत आहे. आधीच्या समितीत असताना ज्याने हिशेब दिला नाही तो आणि त्याचे आप्तही अपात्र, असा तो दंडक आहे. आपल्या महाराष्ट्रात गोतसभेच्या निवाड्याचा महजर होत असे. सभेस हजर असलेल्यांची नावे त्यात लिहिली जात आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती, ते आपापल्या व्यवसायाची निशाणी करीत. कुणब्याची निशाणी नांगराची. निरक्षर माणूसही साक्षीदार म्हणून कागदावर उमटत होता. आज घरोघरी मोबाईल असताना साक्षर नागरिक त्या कागदापासून दूर राहावा, हा विरोधाभास नव्हे काय?

परदेशातही या दृष्टीने पावले टाकली गेली आहेत. स्थानिक संस्थांच्या सभा जनतेला व पत्रकारांना खुल्या करणारा ब्रिटनचा १९६०चा कायदा मार्गारेट थॅचर यांनी नवख्या खासदार असताना मांडलेल्या विधेयकातून आला. इंग्लंडमधील ज्या छोट्या पॅरिश कौन्सिलांची वार्षिक उलाढाल २५ हजार पौंडांहून अधिक नाही, त्यांनाही २०१५पासून सभेच्या इतिवृत्ताचा मसुदा एका महिन्याच्या आत संकेतस्थळावर ठेवणे बंधनकारक आहे. ही कौन्सिले म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीच. त्यांना जे जमते, ते बारामती-इंदापूरसारख्या संपन्न तालुक्यांना न जमण्याचे कारण नाही.

यावर नेहमी तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, पुढील सभेत कायम झाल्याशिवाय इतिवृत्त अधिकृत होत नाही. ते खरे आहे; म्हणूनच त्यावर ‘मसुदा’ असा स्पष्ट शिक्का असावा आणि कायम झाल्यावर अंतिम प्रत शेजारी ठेवावी. दोहोंत फरक पडला असेल, तर तोही लोकांना दिसेल. दुसरा आक्षेप खासगीपणाचा. लाभार्थ्यांचे आधार क्रमांक, बँक खाती झाकता येतात. त्यासाठी संपूर्ण ठराव झाकण्याचे प्रयोजन नाही. तिसरा आक्षेप मनुष्यबळाचा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर कामाचा बोजा आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने ऑगस्ट २०२५मध्ये ‘सभासार’ ही प्रणाली आणली. ग्रामसभेच्या ध्वनिमुद्रणावरून इतिवृत्ताचा मसुदा तयार करण्याची सोय तीत आहे. यंत्राचा मसुदा माणसाने तपासलाच पाहिजे. पण ‘लिहायला वेळ नाही’ ही सबब आता पूर्वीइतकी बळकट राहिलेली नाही.

राज्य शासनाने नोव्हेंबर २०१८मध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहण्याची मुभा नागरिकांना दिली. निर्णय स्तुत्य आहे. मात्र इंदापूरच्या मजुराला सोमवारची दुपार म्हणजे बुडालेला रोज. चाकण-भोसरीच्या कारखान्यात कामाला गेलेल्या तरुणाचे नाव गावच्या मतदारयादीत आहे, घरपट्टीही तो भरतो. वर्षातील चार ग्रामसभांना येणे मात्र त्याला जमत नाही. रात्री पाळी संपल्यावर त्याला आपल्या गावचा ठराव वाचता आला, तर गावाशी असलेले त्याचे नाते तुटणार नाही.

अपेक्षा फार मोठी नाही. विषयपत्रिका सभेपूर्वी, मसुदा सभेनंतर सात दिवसांत, तोही शोधता येईल अशा स्वच्छ मराठी मजकुरात. तिरकस काढलेल्या अस्पष्ट छायाचित्रात नव्हे. शिवाय प्रशासकांच्या काळातील सर्व ठराव एकत्र व क्रमवार प्रसिद्ध व्हावेत. त्या चार वर्षांत प्रश्न विचारणारा नगरसेवक नव्हता, म्हणून तो हिशेब तर अगत्याने पुढे यावा. चांगले काम केलेल्या अधिकाऱ्याला त्यात भिण्यासारखे काही नाही. यासाठी नवा कायदा नको, मुंबईच्या परवानगीची वाट पाहणेही नको; सभागृहाचा एक ठराव पुरेसा आहे.

बारामतीच्या विकासाचे दाखले राज्यभर दिले जातात. इमारती, रस्ते, उद्याने पाहण्यासाठी माणसे दुरून येतात. त्या विकासाचा कागदही तितक्याच अभिमानाने उघडा ठेवावा. चोळांच्या काळातील गावाने आपला ठराव दगडावर कोरून देवाच्या आणि माणसांच्या साक्षीने उभा केला, तो हजार वर्षे टिकला. आजच्या सभागृहाला छिन्नी-हातोडा घ्यावयाचा नाही. ठराव शिळा होण्यापूर्वी तो लोकांसमोर ठेवायचा आहे, इतकेच.