तीर्थरूप खुर्चीत, चिरंजीव रानात

चित्रपट वाईट निघाला एवढ्यासाठी दिवाळी अंकाची पाने अडवावीत, असे मी म्हणणार नाही. वाईट चित्रपट दर शुक्रवारी निघतात आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत लोक ते विसरतात. त्यांच्यावर रागावणे म्हणजे श्रावणात चिखलावर रागावण्यासारखे आहे. पण वाईट चित्रपटाचे खापर ज्याच्या डोक्यावर फुटायला हवे त्याच्यावर न फुटता एका पोराच्या डोक्यावर फुटले आणि साऱ्या जगाने टाळ्या पिटीत ते पाहिले, तर मात्र जन्मभर पोरांत वावरणाऱ्या मास्तराला गप्प बसवत नाही. २०१३ साली अमेरिकेत निघालेल्या ‘आफ्टर अर्थ’ या चित्रपटाविषयी मी बोलतो आहे.

ज्यांनी तो पाहिला नाही त्या भाग्यवंतांसाठी कथानक सांगतो. माणसाने पृथ्वी नासवली आणि तो नोव्हा प्राइम नावाच्या दूरच्या ग्रहावर बिऱ्हाड घेऊन गेला, त्याला हजार वर्षे लोटली आहेत. तिथे परक्या शत्रूंनी ‘उर्सा’ नावाचे एक भयंकर जनावर माणसांवर सोडले आहे. हे जनावर आंधळे. पण माणूस भ्याला की त्याच्या अंगातून जो गंध सुटतो, त्यावरून ते त्याला बरोबर हुडकते. सायफर रेज नावाचा सेनापती मात्र भीत नाही, म्हणून उर्साला तो सापडतच नाही. या सेनापतीचा कोवळ्या वयाचा मुलगा किताई सैनिक होऊ पाहतो आहे आणि परीक्षेत नापास झाला आहे. त्याच्या देखत त्याच्या बहिणीला उर्साने मारले. ते शल्य त्याच्या मनात आहे. बापलेक यानातून निघतात, यान मोडते, कोसळते, आणि नेमके कोसळते ते या सोडून दिलेल्या पृथ्वीवर. बापाचे दोन्ही पाय मोडतात. मदतीची हाक द्यायचे यंत्र यानाच्या शेपटात आहे आणि शेपूट पडले आहे शंभर किलोमीटर लांब. तेव्हा तीर्थरूप खुर्चीत बसून पडद्यावर पाहत हुकूम सोडणार आणि चिरंजीव रानातून पळणार! अभिमन्यूला निदान व्यूहात शिरायचे कसे एवढे तरी ठाऊक होते.

बापाचे काम विल स्मिथने केले आहे, मुलाचे त्याच्या खऱ्या मुलाने, जेडनने. कथा विल स्मिथचीच. दिग्दर्शक एम. नाइट श्यामलन, आपल्या माहे गावी जन्मलेला आणि अमेरिकेत फिलाडेल्फियाकडे वाढलेला. खर्च सुमारे तेरा कोटी डॉलर. त्यातले जेमतेम सहा कोटी अमेरिकेतल्या थिएटरांनी परत दिले. बाकीच्या जगाने सावरून घेतले म्हणून अब्रू थोडीफार राहिली.

विज्ञानाचा हिशेब आधी चुकता करतो, कारण तो लहान आहे. या पृथ्वीवरचे प्रत्येक जनावर माणसाला मारण्यासाठीच उत्क्रांत झाले आहे, असे बाप मुलाला बजावतो. हजार वर्षांत! हजार वर्षांपूर्वी आपल्या कोकणात शिलाहार राज्य करीत होते. तेव्हाचा कावळा तोच आजचा कावळा, तेव्हाची कोळंबी तीच आजची कोळंबी. माणसाच्या चाळीसेक पिढ्या म्हणजे निसर्गाच्या लेखी डोळ्याचे एक पाते लवणे. आणि जो प्राणी हजार वर्षे रानात फिरकलेलाच नाही, त्याला मारायची कला ही जनावरे शिकली तरी कोणावर? नववीतल्या पोराने हे पेपरात लिहिले तर मी शून्य देईन, आणि वर पालकांना बोलावून घेईन. पृथ्वीवर रोज रात्री सारे गोठून जाते म्हणे. पण सकाळी रान बघावे तर कोकणातल्या आगरासारखे हिरवेगार! हवेत प्राणवायू इतका कमी की पोराला श्वासासाठी कुप्या ओढाव्या लागतात; वानरांचे कळप मात्र त्याच हवेत बिनदिक्कत धावत सुटलेले.

असो. विज्ञानाच्या चुका हा अपराध नव्हे. त्याच २०१३ साली ‘ग्रॅव्हिटी’ नावाचा चित्रपट निघाला. त्यातली बाई हबल दुर्बिणीपासून अंतराळस्थानकापर्यंत अशी पोहोचते की जणू शेजारच्या आळीत हळदीकुंकवाला निघाली आहे. वास्तविक त्या दोघांच्या कक्षा निराळ्या, उंची निराळी; तसे जाणे शक्यच नाही. तरीही पाहणाऱ्याने खुर्चीचे हात घट्ट धरून तो पाहिला, सात ऑस्कर त्याने मिळवली. कारण त्या बाईचा श्वास आपल्याला ऐकू येतो. ती भ्यालेली आहे, म्हणून आपण भितो. ती जगावी म्हणून आपण देव पाण्यात ठेवतो. आणि गंमत अशी की तीही बापलेकांचीच करणी. अल्फोन्सो क्वारोन आणि त्याचा मुलगा होनास यांनी पटकथा मिळून लिहिली. पण तिथे बापाने पोराच्या हातात लेखणी दिली. भाला देऊन रानात नाही पिटाळले.

‘आफ्टर अर्थ’चे खरे पाप आहे ते त्याच्या तत्त्वज्ञानात. भीती खरी नसतेच, संकट खरे असते. भ्यायचे की नाही हे माणसाच्या हाती असते, असे सेनापती सांगतो. ऐकायला झकास वाटते. शाळेच्या भिंतीवर रंगवून घ्यावेसे वाटते. आणि आमच्याकडे असली वाक्ये रंगवलेल्या भिंती काही कमी नाहीत. पण हे खोटे आहे. मेंदूतला भीतीचा बदामाएवढा भाग रोगाने नष्ट झालेल्या एका बाईची हकीकत डॉक्टरांनी प्रसिद्ध केली आहे. बागेत एका माणसाने तिच्या गळ्याला सुरा लावला. ती शांतपणे चालत घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी त्याच बागेतून पुन्हा गेली! ही शौर्याची कथा नाही, दुखण्याची आहे. भीती म्हणजे जिवाची राखण करणारा कुत्रा. तो भुंकतो म्हणून घर शाबूत राहते. सेनापतीसाहेबांनी कुत्रा मारला आणि त्यालाच मर्दानगी म्हटले.

आणि चित्रपटाच्या दृष्टीने तर हा निव्वळ आत्मघात झाला. कोवळे पोर, एकटे, रानात, मागे जनावर, हाताशी मोजक्या कुप्या. त्याच्या तोंडावर भीती दिसणार नाही तर दिसणार काय? पण ती दिसायची नाही असा हुकूम! बापाने तर आपला चेहरा दगडाचा करून ठेवला आहे. ज्या माणसाच्या हसण्यावर थिएटरे भरत, त्याने हसायचे नाही, रडायचे नाही, आवाज चढवायचा नाही असे व्रत घेतले. आणि पोराने तोच कित्ता गिरवला. एक दगड खुर्चीत आणि एक दगड रानात. तासदीड तास आपण या दगडांकडे बघत बसायचे.

वास्तविक याच बापलेकांनी काही वर्षे आधी केवढे सुंदर काम करून ठेवले होते! २००६ चा ‘द पर्सूट ऑफ हॅपिनेस’ आठवा. घर गेलेला, खिसा रिकामा झालेला बाप सात-आठ वर्षांच्या जेडनला घेऊन सान फ्रान्सिस्कोच्या रेल्वे स्टेशनात येतो. आता आपण डायनोसॉरच्या काळात आलो, ही बघ गुहा, असा खेळ मांडतो आणि त्या ‘गुहेत’, म्हणजे स्टेशनच्या संडासात, फरशीवर कागद पसरून पोराला मांडीवर निजवतो. बाहेरून कोणी दार ठोठावते. बाप पाय लांब करून दार दाबून धरतो, एका हाताने निजलेल्या पोराचे कान झाकतो आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागते. तो भ्यालेला आहे. त्याने भीती लपवली आहे ती पोरापासून, आपल्यापासून नाही. बापपण म्हणतात ते याला. या प्रसंगात एकही उपदेश नाही, एकही जनावर नाही, खर्च एका मोरीचा. आणि घरी जाऊन आपण झोपलेल्या पोराच्या अंगावरचे पांघरूण सारखे करतो.

श्यामलनचे नवल तर याहून मोठे. भ्यालेल्या मुलाचा चेहरा कसा दाखवावा हे या माणसाइतके कोणाला कळले होते? १९९९ च्या ‘द सिक्स्थ सेन्स’मधला तो किरकोळ पोर, हेली जोएल ओस्मेंट, निव्वळ भिऊन ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. तोच दिग्दर्शक इथे मुलाच्या तोंडावरची भीती पुसायला फडके घेऊन उभा! पुढे जाहिरातींतून त्याचे नावही जवळजवळ गायब करण्यात आले. ते त्याच्या पथ्यावरच पडले म्हणायचे.

आम्हां मराठी माणसांना ही गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. साने गुरुजींच्या श्यामची पोहण्याची गोष्ट घराघरात ठाऊक आहे, आणि १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्या पुस्तकाचा चित्रपट केला तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने डोळे पुसले. श्याम पाण्याला भितो, लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मारते आणि विहिरीवर नेते. आई कठोर आहे, सेनापतीपेक्षा कांकणभर जास्तच. पण भीती खरी नसते, असले ब्रह्मज्ञान ती सांगत नाही. श्यामची भीती खरी आहे हे तिला ठाऊक आहे, आपल्याला ठाऊक आहे. म्हणून त्याची उडी ही उडी होते. आणि मारणाऱ्या त्या हाताला आतून काय यातना झाल्या, तेही आपल्याला कळते. सायफर रेजला काय वाटते हे त्याच्या लेकालाही शेवटपर्यंत धड कळत नाही.

न्याय करायचा तर पुरता करावा. या चित्रपटात दोन जागा चांगल्या आहेत. पोराच्या श्वासाच्या काही कुप्या फुटतात आणि तो बापाशी खोटे बोलतो, त्या शाबूत आहेत म्हणून सांगतो. ती थाप ऐकताना माझे कान टवकारले. पोराला उर्साचे भय आहेच; पण बाप रागावेल याचे भय त्याहून मोठे आहे. गुणपत्रकावर परस्पर सही करणारी पोरे मी पुष्कळ पाहिली आहेत. हेच ते भय. पुढे धबधब्याच्या कड्यावर पोरगा फुटतो, बहीण मेली तेव्हा तुम्ही कुठे होतात म्हणून बापावर ओरडतो, रडतो. त्या दोन मिनिटांत जेडन स्मिथ नट आहे. कारण त्या दोन मिनिटांत त्याने बापाचा हुकूम मोडला आहे.

असे म्हणतात ते खरेच आहे, की विल स्मिथला हे कथानक प्रथम सुचले तेव्हा त्यात ना यान होते, ना उर्सा. डोंगरात बापलेकांच्या मोटारीला अपघात होतो, बाप जायबंदी होतो, मुलाला मदत आणायला जावे लागते, एवढेच होते. हाच चित्रपट काढायचा होता! पण मोठ्या नटाच्या लेकाला एवढ्याशा डोंगरावर कसे चढवायचे? त्याला पृथ्वीच दिली पाहिजे.

शाळेच्या स्नेहसंमेलनात हा प्रकार दर वर्षी चालतो. ज्याचे वडील मंडळावर, तो शिवाजी. पोराला घोड्यावर धड बसता येत नाही, संवाद घशात अडकतात, मिशी गळून पडते. पण खरी गोष्ट सांगू? वर्गातली पोरे त्याला फारसे हसत नाहीत. त्याला तिथे कोणी उभे केले हे पोरांना पक्के ठाऊक असते. हसतात ती वडीलधारी माणसे.

अमेरिकेतही वडीलधारीच हसली. वर्षातल्या सर्वांत वाईट कामांना ‘रॅझी’ नावाचे थट्टेचे पुरस्कार तिथे देतात. २०१४ च्या मार्चमध्ये विल स्मिथला सर्वांत वाईट सहायक अभिनेत्याचा आणि जेडनला सर्वांत वाईट प्रमुख अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. शिवाय वाईट जोडीचा दोघांना मिळून. बाप ‘सहायक’ आणि पोर ‘प्रमुख’! कथा बापाची, निर्मितीत वाटा बापाचा, चेहरा दगड करायचा हुकूम बापाचा, आणि प्रमुख अपराधी पोर.

विल स्मिथने २०२१ साली आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यात त्याने लिहिले आहे, की जेडनने सांगितले तसे सगळे इमानाने केले आणि मीच त्याला त्या फजितीत नेऊन घातले. पोराला आपला घात झाल्यासारखे वाटले, हे त्याने ओळखले. पण दोघे त्यावर बोलले नाहीत. पुढे पंधराव्या वर्षी जेडनने कायद्याने आईबापांपासून मोकळे होण्याची गोष्ट काढली तेव्हा बापाचे काळीज फाटले. हे लिहायला मन लागते. ते त्याच्यापाशी आहे याचा मला आनंद आहे. चित्रपटात मात्र त्यातले तसूभरही येऊ दिले नाही.

रॅझीवाल्यांनाही अक्कल आली, थोडी उशिरा. २०२३ च्या जानेवारीत त्यांनी एका बारा वर्षांच्या मुलीचे नाव वाईट अभिनेत्रीच्या यादीत घातले. लोक खवळले. मंडळींनी नाव मागे घेतले, माफी मागितली आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना यापुढे यादीत घ्यायचे नाही असा नियम केला. जेडनला तो पुरस्कार दिला तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता.