बघायला आलात की दर्शनाला?

तुमचा पाच जणांचा ग्रुप उमापूरहून गोव्याला गेलाय, असं धरून चाला. बीच झाले, आता जुनं गोवं. से कॅथेड्रलच्या दारात गाडी थांबते आणि पाच मिनिटांत पाचजण पाच दिशांना. एकाला सनावळ्या हव्यात: बांधकाम १५६२ मध्ये सुरू झालं, १७७६ मध्ये दोनपैकी एक मनोरा कोसळला, म्हणून दर्शनी बाजू आजही एकांगी दिसते. दुसरा मागच्या बाकावर गप्प बसलाय. तिसरीला प्रश्न पडलाय, एवढी अवाढव्य वास्तू कुणाच्या पैशातून आणि कुणाच्या घामातून उभी राहिली? चौथ्याला रील. पाचवा म्हणतो, ‘बघून झालं ना? चला की!’

यातला भाविक कोण आणि पर्यटक कोण, सांगता येईल?

हा प्रश्न सध्या आपल्याकडे भलताच तापलाय. मे २०२३ मध्ये तुळजापूरच्या मंदिरात कपड्यांबाबतचे फलक लागले आणि ओरड झाल्यावर त्याच दिवशी उतरलेही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईच्या सिद्धिविनायक न्यासाने पोशाखाचे नियम जाहीर केले. केदारनाथला मंदिरात मोबाइल, फोटो बंद. प्रत्येक वेळी वाद एकच: खरे भाविक विरुद्ध नुसते फिरायला आलेले. जणू माणसं दोनच प्रकारची असतात.

मानसशास्त्र वेगळं सांगतं. कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये माणसांच्या मनोवृत्तींचे प्रकार मांडले. कुणी अंतर्मुख, कुणी बहिर्मुख. कुणाला डोळ्यांसमोरचा तपशील भावतो, कुणाला त्यामागचा अर्थ. तुमच्या इन्स्टावर फिरणारी ती चार अक्षरी ‘पर्सनॅलिटी टेस्ट’ याच मांडणीतून निघाली. ब्रिटिश संशोधक लेस्ली फ्रान्सिस आणि सहकाऱ्यांनी ही मांडणी घेऊन वेल्समधल्या सेंट डेव्हिड्स कॅथेड्रलच्या पाहुण्यांना प्रश्नावली दिली. तिथे येणाऱ्यांत तपशील आवडणारे आणि सगळं आखून करणारे जास्त निघाले. कल्पनेत रमणारे, ऐनवेळी ठरवणारे कमी. म्हणजे दारातून आत कोण येतं, यातही स्वभावाचा हात असतो.

आता त्या टेस्टला कुंडलीसारखं धरून बसू नका. अनेक मानसशास्त्रज्ञांना माणसाला असं खणात टाकणं पटत नाही; ते गुणांचं कमी-अधिक प्रमाण मोजतात. पण मूळ मुद्दा टिकतो. श्रद्धा सारखी असली तरी अपेक्षा सारखी नसते. एकाच घरातल्या आईला गाभाऱ्यापुढे दोन मिनिटं शांतता हवी असते आणि बाबांना शिलालेख वाचायचा असतो.

म्हणून मोबाइलवरचा नियम मला समजतो. चौथ्याच्या रीलमुळे मागच्या बाकावरच्याची शांतता मोडते, हे दिसतं. कपड्यांचं तसं नाही. कुणाची जीन्स बघून त्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं देवस्थानच्या पहारेकऱ्याचं काम नव्हे, आणि त्याला ते जमणारही नाही. ट्रस्टने त्यापेक्षा शांत बसायला एक कोपरा राखावा, इतिहास सांगणारं कुणीतरी नेमावं. खर्च फार नाही.

लांब कशाला, आपल्याच गेवराई तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवन आहे. लोक शनीच्या दर्शनाला येतात, तेल वाहतात, परततात. याच परिसरात १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्याने निजामाच्या फौजेला हरवलं, निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर रणात पडला. तेव्हा माधवरावाचं वय होतं १८, म्हणजे तुमच्या एफवायच्या वर्गातलं! पुढच्या शनिवारी तिथे गेलात, तर रांगेत शेजारी उभ्या असलेल्याला विचारून बघा, त्याला हे माहीत आहे का. आणि तो कशासाठी आलाय, तेही विचारा.