डायनासोरांचा उदय आणि हवामानाचा कौल

डायनासोर आपल्या प्रतिस्पर्ध्यांपेक्षा मुळातच सरस होते, शरीराखाली सरळ उभ्या असलेल्या पायांमुळे ते अधिक चपळ होते आणि या बळावर त्यांनी इतर सरपटणाऱ्या प्राण्यांना हटवून पृथ्वी काबीज केली, हे मत विसाव्या शतकात दीर्घकाळ प्रचलित होते आणि लोकप्रिय पुस्तकांतून ते आजही मांडले जाते. हा पूर्वपक्ष आकर्षक असला, तरी जीवाश्मांच्या कसोटीवर तो टिकत नाही.

पहिला आक्षेप काळाचा आहे. अर्जेंटिनातील इस्चिगुआलास्तो येथील सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत इओरॅप्टर आणि हेरेरासॉरस हे आद्य डायनासोर आढळतात; परंतु तेथे संख्येने वरचढ होते ते ऱ्हिंकोसॉर, म्हणजे चोचीसारख्या जबड्याचे शाकाहारी सरपटणारे प्राणी. जे जात्याच श्रेष्ठ, त्यांना जगभर वर्चस्व मिळवण्यास आणखी सुमारे तीन कोटी वर्षे का लागावीत? दुसरा आक्षेप शरीररचनेचा आहे. न्यू मेक्सिकोतील घोस्ट रँच येथील एफिजिया हा प्राणी मगरींच्या वंशशाखेतला, तरीही तो दोन पायांवर चालणारा, दात नसलेला आणि चोचीचा होता. पुराजीवशास्त्रज्ञ स्टीफन ब्रुसॅटी व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले, की ट्रायासिक कालखंडात या मगरवंशीयांची शरीरवैविध्याची व्याप्ती डायनासोरांहून मोठी होती.

मग निर्णायक काय ठरले? याचे उत्तर हवामानात आहे. घोस्ट रँचच्या खडकांतील कोळशाचे अवशेष आणि कार्बनच्या समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या भिन्न वस्तुमानाच्या अणूंचे, प्रमाण यांवरून त्या काळी उष्ण कटिबंधात ओल आणि अवर्षण यांचे तीव्र हेलकावे बसत होते व वणवे पेटत होते, असे दिसते. अशा बेभरवशाच्या वनस्पतिसृष्टीवर मोठे शाकाहारी डायनासोर पोसले जाणे अशक्य होते, म्हणून तेथे लहान मांसाहारीच आढळतात. याउलट, विषुववृत्तापासून दूरच्या प्रदेशांत लांब मानेचे शाकाहारी डायनासोर तेव्हाच स्थिरावले होते. गडचिरोलीला लागून असलेल्या प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील, त्या काळी दक्षिण गोलार्धात दूरवर असलेल्या मालेरी खडकांतही त्यांचे जीवाश्म मिळाले आहेत.

उत्तर टोकाची साक्ष त्या काळी उत्तर ध्रुवाजवळ असलेल्या चीनच्या जुंगार खोऱ्यातून मिळते. तेथील ट्रायासिक सरोवराच्या बारीक गाळात मधूनच एक-दीड सेंटिमीटरपर्यंतचे खडे रुतलेले आहेत. काठावरच्या बर्फात अडकून ते सरोवराच्या मध्यापर्यंत वाहत गेले व बर्फ वितळताच तळाशी बसले, असा त्यांचा अर्थ लावला जातो. त्याच प्रदेशात डायनासोरांच्या पाऊलखुणाही आहेत, म्हणजे ध्रुवाजवळचे गोठवणारे हिवाळे त्यांच्या अंगवळणी पडले होते. पुढे सुमारे २०.१ कोटी वर्षांपूर्वी, अटलांटिक महासागर उघडू लागताना महाज्वालामुखींनी ओकलेल्या गंधकयुक्त वायूंनी सूर्यप्रकाश अडवून वारंवार थंडीचे झटके आणले असावेत. त्यातून ओढवलेल्या संहारात मगरवंशीयांच्या बहुतेक शाखा खुंटल्या आणि डायनासोर तगले.

हवामान सर्वांनाच सारखे होते, मग डायनासोरच का वाचले, अशी शंका येथे घेतली जाईल. डायनासोरांच्या अंगावर पिसांसारखे उष्णतारोधक आवरण असावे, असा वंशावळीच्या आधारे तर्क केला जातो, आणि तो खरा मानला तरी त्याने पूर्वपक्षाला बळ मिळत नाही; कारण हेच आवरण उष्ण कटिबंधात कोट्यवधी वर्षे त्यांना वर्चस्व मिळवून देऊ शकले नाही. गुण तोच राहिला, ऋतुमान बदलले, आणि मगच त्याचे मोल ठरले. म्हणून डायनासोरांच्या उदयाचा इतिहास द्वंद्वयुद्धातील विजयाच्या भाषेत नव्हे, तर पाऊस, अवर्षण आणि थंडी यांच्या नोंदींतूनच वाचला पाहिजे.