बुजरी म्हणे!

परवा बहिणीऐवजी भाचीच्या पालकसभेला मी गेले. वर्गशिक्षिका तळमळीच्या, पण सात वर्षांच्या पोरीला समोर उभं करून म्हणाल्या, "हुशार आहे हो, पण फार बुजरी! जरा धीट करा हिला." पोर फ्रॉकचा बंद बोटाला गुंडाळत राहिली, बोट लाल होईपर्यंत. त्या 'बुजरी' शब्दाचा मला संताप आला.

भित्रा आणि बुजरा आपण एकाच मापाने मोजतो, पण त्यांची कुळं वेगळी. 'भित्रा'चं मूळ संस्कृत 'भी' धातूत. भय, भीती, भीरू त्यातलेच आणि भीम, भीष्मही त्यातलेच. भिणारा आणि ज्याला भ्यावं तो, दोघं एका घरचे! 'बुजरा' मात्र 'बुजणे'वरून आला. बुजतो तो बैल, बुजतो तो घोडा. पाखरांना बुजवायला शेतात उभं करतात ते बुजगावणं.

आजोळी एक खिलारी बैल होता. डांबरी रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला, की कान ताठ करून तो जागीच थिजायचा, मग जू घेऊन बाजूला उसळायचा. आजोबा खाली उतरत, कासरा आखूड धरत, त्याच्या मानेखालची पोळी खाजवत उभे राहत. "बघू दे त्याला नीट," एवढंच म्हणत. मागच्या गाड्या खोळंबल्या तरी हलत नसत. त्याच रस्त्यावर चाबूक ओढणारेही होते. त्यांचे बैल पुढे तो रस्ता नुसता दिसला तरी बुजत.

बैल बुजला, की आजोबा आधी रस्त्याकडे बघत, काय आडवं आलं ते शोधत. पोर बुजली, की आपण पोरीतच खोट काढतो आणि तीही चारचौघांत, तिच्या देखत. याची मला मनस्वी चीड आहे.

घरी येताना भाचीनेच सांगितलं. कविता म्हणताना एक शब्द चुकला, सगळा वर्ग हसला आणि बाईही हसल्या. तेव्हापासून फळ्यापाशी गेलं की घसा सुकतो.

बाईंना मी चिठ्ठी पाठवली आहे : पुढचे काही दिवस तिला फळ्यापाशी एकटीला बोलावू नका, शेजारच्या मैत्रिणीबरोबर बोलवा. आणि प्रगतिपुस्तकात 'बुजरी' हा शब्द लिहू नका.