दुसऱ्या नंबरचा फोटो

आधी एक कबुली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी विभागासाठी लिहायचं म्हटलं की व्हायवाला बसल्यासारखं होतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण हे मराठीतच लिहायचं होतं, कारण ज्यांनी मला झापलं त्यांनी मराठीतच झापलं.

गॅदरिंगच्या फोटो प्रदर्शनात वन्यजीव विभागात माझा दुसरा नंबर आला. तो फोटो सध्या मेसच्या जिन्यात लावलाय. मागे तांबूस आभाळ, पुढे ओल्या वाळूवर ऑलिव्ह रिडले कासवाचं जेमतेम चार सेंटिमीटरचं पिल्लू, आणि ते सरळ कॅमेऱ्यात बघतंय. परीक्षक म्हणाले, "काय आय कॉन्टॅक्ट आहे!" टाळ्या पडल्या, मीही हसले. ते पिल्लू माझ्याकडे का बघत होतं, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

मागच्या मार्चमध्ये सबमिशन संपवून आम्ही सहाजणी वेळासला गेलो होतो. रत्नागिरी जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं हे नाना फडणविसांचं गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं, म्हणजे भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, 2002 मध्ये गावकऱ्यांना घेऊन इथे कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. त्याआधी अंडी सर्रास उचलली जायची. आता मादी रात्री येऊन शंभरेक अंडी घालून गेली की कासवमित्र ती अलगद काढून कुंपणाच्या आत तसाच खड्डा करून ठेवतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघायची आणि निघाली असतील तर पाण्यापासून थोडं अलीकडे वाळूवर सोडायची. पुढे त्यांचं त्यांनी चालत जायचं. आपण दोरीच्या मागे.

त्या संध्याकाळी पहिल्या टोपलीखाली काहीच नव्हतं. दुसरीखाली नऊ निघाली. ओहोटीमुळे पाणी लांब होतं. आठ गेली, एक रेंगाळलं, आणि तेवढ्यात सूर्य टेकला.

इथे थोडा इंजिनिअरिंगचा फंडा. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचं, आणि पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. म्हणजे टेकल्यापासून बुडेपर्यंत हातात सव्वादोन मिनिटं. आभाळाचं एक्स्पोजर घेतलं तर कासव काळा ठिपका, कासवाचं घेतलं तर आभाळ पांढरंफटक. दोन्ही हवं असेल तर पुढून प्रकाश टाकायचा. फ्लॅश नको, टॉर्च नको हे सुरुवातीलाच सांगितलं होतं. ऐकलंही होतं आम्ही. तरी मैत्रिणीनं मोबाईलचा टॉर्च लावला.

पिल्लू थांबलं. समुद्राकडे जाणारं ते वळलं आणि आमच्याकडे यायला लागलं. मी क्लिक केलं.

"अहो ताई, तो लाईट बंद करा आधी! तुमच्याकडं चाललंय ते!" कासवमित्र दादा ओरडले. नंतर शांतपणे समजावलंही. अंधाऱ्या किनाऱ्यावर झाडी काळी दिसते आणि समुद्राकडची कड उजळ. पिल्लू त्या उजेडाकडे जातं. आमचा टॉर्च हाच त्याला समुद्र वाटला. म्हणजे ज्याला नंबर मिळाला तो आय कॉन्टॅक्ट वगैरे काही नव्हता, ती मी त्याची केलेली फसवणूक होती. ते शेवटी पाण्यात गेलं, पण पिशवीत मोजकीच शिदोरी असलेल्याला उलट्या वाटेला लावलं, हे खरंच.

तुम्ही म्हणाल, एका टॉर्चनं काय होतंय? माझाही हाच युक्तिवाद होता. पण त्या दोरीमागे किती तरी जण होते आणि प्रत्येकाच्या खिशात एक टॉर्च होता. मांडव्याच्या लाँचवर हेच दिसतं. फोटोत सीगल जवळ यावेत म्हणून लोक गाठ्या-कुरकुरे उधळतात आणि मग त्याला "नेचर फोटोग्राफी" म्हणतात!

फोटो काढूच नयेत असं मी म्हणत नाही. फोटो बघूनच तर मी वेळासला गेले. गावात घरोघरी पाहुणे राहतात, आमच्यासारख्यांच्या पैशांतून चार घरांना आधार होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. आणि खरं सांगू? कासवाचा चांगला फोटो संध्याकाळी मिळतच नाही. तो सकाळी मिळतो. आपला किनारा पश्चिमेचा, त्यामुळे सकाळी उजेड आपल्या पाठीमागून, जमिनीकडून येतो आणि सरळ पिल्लांवर पडतो. टॉर्चची गरजच नाही. पण आम्ही सहाजणी सकाळी झोपलो होतो. सनसेट वेगळा काढा ना, तो रोज असतो!

म्हणून पुढच्या वर्षीच्या स्पर्धेसाठी माझी सूचना आहे. वन्यजीव विभागाच्या फॉर्मवर फोटो कसा काढला ते लिहिणं सक्तीचं करावं: प्रकाश कुठला, अंतर किती, खाणं टाकलं होतं का. फ्लॅश मारून किंवा खाऊ घालून काढलेला फोटो बाद. कुणी खोटं लिहील, हो. मी स्वतः लिहिलं असतं का, हे सांगता येत नाही.

सर्टिफिकेट मी फोटो क्लबच्या सेक्रेटरीकडे परत दिलंय. तो म्हणाला, "आता बक्षिसाचे पाचशे रुपयेपण दे." ते वडापावात संपले, हप्त्यांनी देईन. नियमाचा कागद सोमवारी मेसच्या बोर्डावर लावते आहे. पटलं तर सही करा. पटलं नाही तर पुढच्या अंकात माझ्याविरुद्ध लिहा.